आमदारांकडे निधी मागण्याआधी: स्थानिक अन्न आणि शेतकऱ्यांसाठीची मागणी अर्थसंकल्पापर्यंत कशी न्यायची

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्याच आठवड्यात आमदारांच्या कार्यालयांत निवेदनांचा ढीग लागतो. शाळेच्या पोषण आहारात गावची भाजी घ्या, अंगणवाडीत नाचणी द्या, शेतकरी आठवडे बाजाराला जागा द्या. मागण्या रास्त असतात, वेळ मात्र चुकलेली असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे सरकारने मांडलेली अनुदानाची मागणी, म्हणजे विभागाच्या खर्चाचा प्रस्ताव, विधानसभा मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. त्यामुळे मार्चमध्ये आमदाराने सभागृहात कितीही जीव तोडून भाषण केलं, तरी त्या भाषणाने तरतुदीत एक रुपयाही वाढत नाही. पैसा वाढवायचा असेल तर मागणी त्याआधी, विभाग आपले अंदाज तयार करत असतानाच फाइलवर चढायला हवी.

पुढचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: शालेय पोषण आहारात स्थानिक शेतकऱ्यांचा भाजीपाला. डाळ, अंडी, भरडधान्य किंवा अंगणवाडीसाठीही रस्ता हाच, फक्त विभाग बदलतो.

आधी वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

जून ते ऑगस्ट: माहिती गोळा करणं. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर: ग्रामसभेचे ठराव. सप्टेंबर ते नोव्हेंबर: आमदारांची भेट, त्यांचं मंत्र्यांना आणि विभागाला पत्र. डिसेंबर: नागपूरचं हिवाळी अधिवेशन. जानेवारी: जिल्हा नियोजन समिती. मार्च: अर्थसंकल्पी अधिवेशन. एप्रिलपासून: पाठपुरावा.

यातले सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने हातचे जाऊ देऊ नका. बाकी काही मागेपुढे झालं तर सावरता येतं.

टप्पा १: मागणी एकच ठेवा आणि पैसा कोणत्या खिशातला ते ठरवा

बारा मागण्यांचं निवेदन वाचणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारला की कागद पुढे सरकतो आणि तिथेच विसरला जातो. एक मागणी, एक रक्कम, एक विभाग एवढंच ठेवा.

राज्यात यासाठी तीन वेगळे खिसे आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पहिला खिसा आमदारांचा स्थानिक विकास निधी, वर्षाला ५ कोटी रुपये. तो कायमस्वरूपी मालमत्तेसाठी असतो: बाजाराचे ओटे, शेड, साठवणुकीची खोली. रोजची भाजी, अंडी, मानधन असा वारंवार येणारा खर्च त्यात बसत नाही. 'आमदार निधीतून मुलांना अंडी द्या' ही मागणी कितीही मनापासून केली तरी नियमात अडकते.

दुसरा खिसा जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे त्याचे भाग आहेत. एखाद्या तालुक्यात प्रायोगिक काम सुरू करायला ही जागा चांगली.

तिसरा खिसा राज्याचा अर्थसंकल्प. दरवर्षी लागणारा पैसा इथूनच आला पाहिजे. प्रत्येक विभागाच्या मागणी क्रमांकाला इंग्रजी अक्षराचा संकेत असतो: कृषी 'डी', शालेय शिक्षण 'ई', आदिवासी विकास 'टी', सहकार व पणन 'व्ही', महिला व बालविकास 'एक्स'. त्याखाली लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कशावर होतो ते सांगणारा क्रमांक येतो. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२३६ म्हणजे पोषण, २४०१ म्हणजे पीक संवर्धन. निवेदनात योजनेचं लेखाशीर्ष लिहिलेलं असलं की वित्त विभागातल्या माणसाला शोधाशोध करावी लागत नाही.

तपासा: तुमची मागणी 'कोणी, किती, कशासाठी, कोणत्या वर्षात' हे चारही सांगणाऱ्या एका वाक्यात बसते का? बसत नसेल तर ती अजून तयार नाही.

टप्पा २: आकडे स्वतः मांडा

शालेय पोषण आहार ज्या योजनेतून चालतो त्या पीएम पोषण योजनेत प्रत्येक मुलामागे रोजचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीसाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. धान्य केंद्राकडून येतं. बाकी साहित्याचा दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के देतं. राज्याचा हा वाटा किमान आहे. राज्य स्वतःच्या तिजोरीतून त्यावर भर घालू शकतं आणि आपली मागणी नेमकी त्या भरीची आहे.

आता तालुक्याचा हिशेब. समजा तालुक्यात प्राथमिकचे ८,००० आणि उच्च प्राथमिकचे ५,००० लाभार्थी आहेत, शाळेचे दिवस २००. भाजी रोज ४०० अधिक ३७५, म्हणजे ७७५ किलो लागते. वर्षाला १५५ टन. डाळ रोज ३१० किलो, वर्षाला ६२ टन. राज्याने प्रति मुलगा प्रतिदिन फक्त १ रुपया जादा दिला तर तालुक्याला वर्षाला २६ लाख रुपये लागतात. आठवड्याला एक अंडं हवं असेल तर ४० आठवड्यांची ५ लाख २० हजार अंडी होतात. अंडं ७ रुपयांना धरलं तर ३६ लाख ४० हजार.

'मुलांचं पोषण सुधारेल आणि शेतकऱ्याला बाजार मिळेल' या वाक्यापेक्षा '२६ लाखांत १५५ टन भाजीला तालुक्यातच गिऱ्हाईक मिळतं' हे वाक्य आमदारांच्या लक्षात राहतं. ते सभागृहातही जसंच्या तसं बोलता येतं.

आकडे कुठून आणायचे? पंचायत समितीत शालेय पोषण आहाराचे अधीक्षक असतात, शाळानिहाय लाभार्थी त्यांच्याकडे मिळतात. पट घेऊ नका, प्रत्यक्ष जेवणारी मुलं घ्या. पटाचा आकडा फुगलेला निघाला तर सगळं निवेदनच संशयात जातं. विभागाला मिळालेला आणि खर्च झालेला निधी राज्याच्या 'बीम्स' प्रणालीवर दिसतो.

जे सहज मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. शेवटच्या या दोन्ही अटी महाराष्ट्राच्या नियमांत आहेत आणि अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारणही हेच असतं. उत्तराची मुदत ३० दिवस. विचारा: 'मागील दोन आर्थिक वर्षांत इंधन व भाजीपाल्याचे अनुदान शाळांच्या खात्यात कोणत्या तारखांना जमा झाले, महिनानिहाय.' तारखा मागितल्यात की उशीर आपोआप कागदावर येतो.

सावध: डाळ-तेल आणि भाजी यांची वाट वेगळी आहे. ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाले निविदेतल्या पुरवठादाराकडून शाळेत पोचतात, भाजी शाळेच्या पातळीवर घेतली जाते. म्हणून स्थानिक डाळ हवी असेल तर मागणी निविदेच्या अटी बदलण्याची आहे आणि स्थानिक भाजी हवी असेल तर दर वाढवून पैसे वेळेवर देण्याची. दोन्ही एकाच वाक्यात कोंबलंत तर विभाग सोप्या भागाला उत्तर देतो आणि अवघड भाग सोडून देतो.

टप्पा ३: माल खरंच देता येईल का, हे आधी ठरवा

आमदारांनी पैसे आणले आणि शाळेत भाजी पोचली नाही, तर पुढची पाच वर्षं तुमचं कुणी ऐकणार नाही. म्हणून हा टप्पा निवेदनाच्या आधी.

एका शाळेकडे जवळून पाहा. साठ मुलांची प्राथमिक शाळा. रोजची भाजी ३ किलो, डाळ १ किलो २०० ग्रॅम. तीन किलो भाजीसाठी कुणी टेम्पो काढणार नाही, ते परवडतही नाही. तेच एका केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण विभागाने केलेल्या शाळांच्या गटातल्या, बारा शाळा एकत्र धरल्या तर ७२० मुलांची ३६ किलो भाजी होते. ती एका फेरीत, एका दुचाकीवर दोन क्रेटमध्ये जाते. म्हणून पुरवठ्याचं एकक शाळा नव्हे, केंद्र धरा. प्रत्येक केंद्राला एक बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी जोडा. पीएम पोषण योजनेला २०२१ मध्ये मंजुरी देतानाच केंद्र सरकारने शेतकरी उत्पादक संस्था आणि महिला बचत गटांच्या सहभागाला उत्तेजन द्यायचं म्हटलं आहे. निवेदनात याचा आधार जरूर घ्या.

मग महिनावार पिकांचा तक्ता करा. जून-जुलैमध्ये भाजी महाग असते, ऑगस्टपासून भोपळा, दोडका, चवळी येते, हिवाळ्यात रेलचेल असते. अडचण मार्च-एप्रिलची: शाळा सुरू आणि विहिरी आटलेल्या. त्या दोन महिन्यांसाठी कांदा, लाल भोपळा, कडधान्याची मोड अशी टिकणारी किंवा कमी पाण्याची सोय तक्त्यात दाखवा. हा तक्ता जोडलेला असला की 'उन्हाळ्यात काय करणार?' या प्रश्नाला कागदच उत्तर देतो.

फळं आणि भाजीपाला राज्यात २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट खरेदीला तिथे अडथळा नाही. अडथळा असतो तो निविदेतल्या अनामत रकमेचा, उलाढालीच्या अटीचा आणि मुख्यतः उशिरा येणाऱ्या पैशाचा. छोटा शेतकरी दोन महिने उधारीवर भाजी देऊ शकत नाही. म्हणून '१५ दिवसांत पैसे' ही अट मागणीतच लिहा. आमच्या मते दरवाढीपेक्षाही ती महत्त्वाची आहे.

तपासा: निदान एका केंद्रासाठी, कोण किती देणार याची सह्यांची यादी तुमच्याकडे आहे का?

टप्पा ४: ठराव आणि निवेदन

ग्रामसभेचा ठराव हा तुमचा सगळ्यात जड कागद. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते. विषय आधीच विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, 'ऐनवेळच्या विषयात' घेतलेला ठराव पुढे कच्चा ठरू शकतो. ठराव क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक आणि ग्रामपंचायतीचा शिक्का असलेली प्रत घ्या. मतदारसंघातल्या दहा गावांचे एकाच मजकुराचे ठराव शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त काम करतात.

निवेदन एका पानाचं. साचा असा:

*प्रति, मा. आमदार महोदया, … विधानसभा मतदारसंघ*

*विषय: … तालुक्यातील शालेय पोषण आहारात स्थानिक शेतकऱ्यांकडून भाजीपाला खरेदीसाठी प्रति विद्यार्थी प्रतिदिन १ रुपया अतिरिक्त राज्य निधी मिळणेबाबत.*

*संदर्भ: १) शालेय शिक्षण विभाग, शासन निर्णय क्र. …, दि. … २) … ग्रामपंचायतींचे ठराव (सोबत).*

*महोदया, तालुक्यातील १३,००० विद्यार्थ्यांना रोज ७७५ किलो भाजी लागते. तालुक्यातील … गट ती पुरवण्यास तयार आहेत, यादी सोबत जोडली आहे. यासाठी वर्षाला २६ लाख रुपयांची अतिरिक्त तरतूद आणि १५ दिवसांत देयक अदा करण्याची अट आवश्यक आहे. आपण या मागणीचे पत्र मा. शालेय शिक्षण मंत्री आणि प्रधान सचिव यांना ३१ ऑक्टोबरपूर्वी द्यावे, ही विनंती.*

शेवटचं वाक्य कुणीच लिहीत नाही आणि तेच खरं काम करतं. आमदारांनी नेमकं काय करायचं, कुणाला लिहायचं आणि कधीपर्यंत, हे तुम्ही सांगायचं. संदर्भातला शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्याच्या डोक्यावर प्रकरण क्रमांक आणि कार्यासनाचा संकेत असतो, पोषण आहाराच्या निर्णयांवर 'एसडी-३' दिसेल. तो क्रमांक उद्धृत केला की पत्र थेट त्या टेबलावर जातं.

सावध: एकच निवेदन मुख्यमंत्र्यांपासून तहसीलदारांपर्यंत दहा जणांना 'माहितीस्तव' पाठवू नका. प्रत्येक जण समजतो की दुसरा बघतोय.

टप्पा ५: भेट

अधिवेशन नसताना शनिवार-रविवार आमदार बहुतेक मतदारसंघात असतात. वेळ स्वीय सहायकांकडून घ्या आणि त्यांना विषय नीट समजावून सांगा. पत्र तेच तयार करतात. तिघांनीच जा: भाजी पिकवणारी शेतकरी ताई, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि सरपंच. मावशींना बोलू द्या. रोज किती मुलं जेवतात, भाजीचे पैसे कधीपासून आले नाहीत, दुकानात किती उधारी आहे, हे त्यांच्या तोंडून दोन मिनिटांत जे कळतं ते अहवालात येत नाही.

दहा मिनिटं मिळतील असं धरा. फोटो शेवटी. निघण्याआधी तीन गोष्टी हातात असू द्या: निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का, पत्राचा मसुदा कोण देणार याचं नाव (तुम्हीच मसुदा दिलात तर उत्तम) आणि पुढच्या फोनची तारीख. आठवड्यानंतर आमदारांच्या पत्राचा जावक क्रमांक मागून घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

विधानपरिषद विसरू नका. ७८ सदस्यांच्या या सभागृहात ७ शिक्षक मतदारसंघाचे आणि ७ पदवीधर मतदारसंघाचे आमदार आहेत. पोषण आहाराचं ओझं मुख्याध्यापकांवर पडतं, त्यामुळे शिक्षक आमदारांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. मात्र अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं, म्हणून परिषदेचा सदस्य हा जोडीला हवा, विधानसभेच्या आमदाराऐवजी नव्हे.

आमदार सत्ताधारी असतील तर मंत्र्यांसोबत विभागाची बैठक लावण्याची विनंती करा. विरोधी बाकावर असतील तर प्रश्न विचारण्याची. दोघांकडेही जा आणि दोघांनाही तसं सांगा. लपवलंत आणि नंतर कळलं, तर दोघेही हात काढून घेतात.

टप्पा ६: सभागृहात काय मागायचं

तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात उत्तर देतात त्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर प्रश्न घेऊन धावणं व्यर्थ आहे. प्रश्नात मत नको, तारखा आणि रकमा हव्यात: 'भाजीपाल्याचे अनुदान किती महिने प्रलंबित आहे, ते कधीपर्यंत अदा करणार?' मंत्र्यांचं छापील उत्तर म्हणजे तुमच्या फाइलमधला पुढचा संदर्भ.

अधिवेशन चालू असताना तातडीचं काही घडलं तर लक्षवेधी सूचना, म्हणजे त्या विषयावर मंत्र्यांकडून निवेदन मागणं. मार्चमध्ये विभागाच्या मागणीवर चर्चा होते तेव्हा आमदार कपात सूचना देऊ शकतात. शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवून गाऱ्हाणं नोंदवायचं, ही जुनी रीत आहे. त्यातून पैसा मिळत नाही, मंत्र्यांचं आश्वासन मिळू शकतं आणि तेही उपयोगाचं आहे.

पैशाची दुसरी संधी पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकार मागतं त्या जादा निधीची. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात त्या मांडल्या जातात. नवी योजना असेल तर निदान १,००० रुपयांची लाक्षणिक तरतूद करून लेखाशीर्ष उघडून घेण्याचा आग्रह धरा. दार एकदा उघडलं की पुढे त्यात रक्कम वळती करता येते, लेखाशीर्षच नसेल तर पैसा असूनही देता येत नाही.

टप्पा ७: घोषणेनंतर

अर्थसंकल्पाच्या भाषणात तुमचा विषय आला की लोक पेढे वाटतात आणि पाठपुरावा थांबतो. घोषणेनंतर अजून पाच पायऱ्या असतात: तरतूद, शासन निर्णय, प्रशासकीय मान्यता, निधी वितरण आणि खर्च. यांतल्या कुठल्याही पायरीवर काम अडकू शकतं.

अंड्यांचंच बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक दिवस अंडं, न खाणाऱ्यांना केळं असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि अंडं लोकसहभागावर सोडलं गेलं. सुरू झालेली गोष्टही वर्षभरात बंद पडू शकते. म्हणून दरवर्षी सप्टेंबरमध्ये चालू तरतूद टिकवण्याचं पत्रही द्यावं लागतं.

एप्रिलमध्ये अर्थसंकल्पाच्या पुस्तकात लेखाशीर्षासमोरची रक्कम बघा. जूनपर्यंत शासन निर्णय निघाला का ते पाहा. निघाला नसेल तर आमदारांच्या पत्राचा जावक क्रमांक देऊन कार्यासन अधिकाऱ्यांना लेखी विचारा. ऑक्टोबरमध्ये बीम्सवर वितरण तपासा. डिसेंबरपर्यंत निम्माही पैसा उतरला नसेल तर हिवाळी अधिवेशनात प्रश्न यायलाच हवा, कारण ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते आणि 'खर्चच होत नाही' म्हणून पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते.

सावध: निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या घोषणा आणि मंजुऱ्या थांबतात. निवडणुकीचं वर्ष असेल तर शासन निर्णय आचारसंहितेपूर्वी निघेल अशा बेताने सगळं वेळापत्रक दोन महिने अलीकडे ओढा.

शाळेत पहिली भाजी पोचली की त्या दिवसापासून वजनाची वही ठेवा: तारीख, शाळा, भाजी, किलो, दर, पैसे मिळाल्याची तारीख. पुढच्या सप्टेंबरच्या निवेदनाला जोडायचा पहिला कागद हीच वही.